अँटी-पीटी आयजीजीचा आकडा आणि डांग्या खोकल्यापासूनचे संरक्षण: दोन्हींचा संबंध किती?

काचपट्टी (मूळ प्रश्न)

मंडळी, धनुर्वाताच्या प्रतिपिंडांचा रिपोर्ट वाचणे सोपे असते. एलायझा या प्रतिपिंडे मोजणाऱ्या तपासणीत ०.१ आययू/मिली किंवा त्याहून जास्त आले की संरक्षण आहे असे धरतात. हिपॅटायटिस बीसाठी १० मिली-आययू/मिली ही रेघ आहे. डांग्या खोकल्याच्या रिपोर्टवर मात्र ‘अँटी-पीटी आयजीजी’ (म्हणजे पर्ट्युसिस टॉक्सिन या जिवाणूच्या विषाविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडे) यासमोर आकडा येतो आणि खाली ‘अलीकडे संसर्ग झाल्याची शक्यता’ किंवा ‘पुरावा नाही’ एवढाच शेरा असतो. संरक्षणाबद्दल अवाक्षर नाही.

घरात बाळ येणार असले की आजी-आजोबा, काका-मावशी ही तपासणी करून घेतात आणि १२ किंवा १८ असा आकडा दाखवून विचारतात, ‘मग आम्हाला लस लागेल का?’ पातळी कमी असेल त्यालाच लस द्यायची, या विचारात नेमके कुठे चुकते? लसीत तीन-चार प्रतिजन (ज्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात ते जिवाणूचे घटक) असताना रिपोर्ट एकट्या पर्ट्युसिस टॉक्सिनचा का काढतात? आणि ज्याला आजार होऊन गेला आहे, त्याचा हिशेब वेगळा धरायचा का?

श्वासनलिका

रिपोर्टवर संरक्षणाची रेघ नसते, कारण ती अजून कुणाला आखता आलेली नाही. यात प्रयोगशाळेचा दोष नाही, आजारच तसा आहे.

धनुर्वातात सगळा उत्पात एकाच विषाचा असतो. जखमेतून निघालेले विष मज्जातंतूत शिरण्याआधी रक्तातल्या आयजीजीने गाठले की काम भागते, म्हणून तिथे रक्तातली पातळी आणि संरक्षण यांची सांगड बसते. डांग्या खोकल्याचा बोर्डेटेला पर्ट्युसिस हा जिवाणू रक्तात सहसा उतरतच नाही. श्वासनलिकेच्या अस्तरावर जे हलते सूक्ष्म केस असतात, म्हणजे सिलिया, त्यांना तो चिकटून बसतो आणि तिथूनच विषे सोडतो. त्या पृष्ठभागावर रक्तातले आयजीजी थोडेच झिरपते. तिथले मुख्य पहारेकरी म्हणजे आयजीए ही अस्तरावरची प्रतिपिंडे आणि अस्तरातच मुक्काम करणाऱ्या, आधीची गाठ लक्षात ठेवणाऱ्या स्मृती टी-पेशी. रक्ताच्या नळीत यातले काहीच मोजले जात नाही.

शिवाय प्रत्येक प्रतिपिंडाचे काम निराळे आहे. पर्ट्युसिस टॉक्सिन, म्हणजे पीटी, सहा उपघटकांचे बनलेले असते: एस१, एस२, एस३, दोन एस४ आणि एक एस५. एस१ सोडून उरलेले पाच मिळून पेशीला चिकटतात आणि एस१ला आत पोचवतात. आत गेल्यावर एस१ पेशीतल्या संदेश वाहणाऱ्या जीआय प्रथिनावर रासायनिक शिक्का मारते आणि तो संदेशमार्ग बंद पडतो. त्यामुळे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून ऊतींत जाऊ शकत नाहीत आणि रक्तातच साचतात. डांग्या खोकल्यात लिम्फोसाइट वाढलेले दिसतात ते यामुळे. तान्ह्या बाळात पांढऱ्या पेशी ५०,०००च्या वर गेल्या तर फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, तिथला दाब वाढतो आणि हृदय थकते. डांग्या खोकल्याने दगावणाऱ्या बाळांत हे चित्र वारंवार दिसते. पीटीविरुद्धची प्रतिपिंडे नेमके हे टाळतात, मात्र विष पेशीत शिरण्याआधी हजर असतील तर. एकदा ते आत गेले की प्रतिपिंड त्याच्यापर्यंत पोचत नाही. उबळी सुरू झाल्यावर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देऊन पाहिले गेले आहे, त्याचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही.

पर्टॅक्टिन या जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे जिवाणूच्या अंगावर बसून त्याला भक्षक पेशींच्या तोंडी देतात. फिम्ब्रिए २ आणि ३ (जिवाणूवरचे केसासारखे तंतू) यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे जिवाणूंच्या गुठळ्या करतात आणि त्यांना चिकटू देत नाहीत. एफएचए हाही चिकटण्यासाठीचाच घटक आहे, पण त्याच्या प्रतिपिंडांचा संरक्षणातला वाटा फारसा दिसलेला नाही. अॅडेनिलेट सायक्लेज टॉक्सिन भक्षक पेशींनाच लुळे करते, आणि ते आजच्या कोणत्याही असेल्युलर (अख्ख्या जिवाणूऐवजी त्याचे निवडक घटक असलेल्या) लसीत नाही. सिलिया असलेल्या पेशी मारणारे ट्रेकियल सायटोटॉक्सिन म्हणजे जिवाणूच्या भित्तिकेचा इवलासा तुकडा. तोही लसीत नाही.

१९९०च्या दशकात स्वीडन आणि जर्मनीत असेल्युलर लसींच्या मोठ्या चाचण्या झाल्या. ज्यांच्या घरातच रुग्ण निघाला अशा मुलांच्या प्रतिपिंडांचा हिशेब लावल्यावर दिसले की पर्टॅक्टिन, फिम्ब्रिए आणि पीटी यांची प्रतिपिंडे जास्त असलेली मुले कमी आजारी पडली. मात्र ‘या आकड्याच्या वर कुणीच आजारी पडत नाही’ अशी जागा सापडली नाही. डेन्मार्कने तर १९९७पासून फक्त पीटी टॉक्सॉइड (निर्विष केलेले पीटी) असलेली लस वापरली आणि तिनेही गंभीर आजार आटोक्यात राहिला. याचा अर्थ पीटीचे प्रतिपिंड फार मोलाचे आहे, तरी त्याची पातळी मोजून माणसागणिक भाकीत करता येत नाही.

सीरमपेटी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. प्रयोगशाळेच्या बाजूची भर घालतो.

रिपोर्ट एकट्या पीटीचा का? कारण पीटी तयार करणारा जिवाणू हा एकच आहे. बोर्डेटेला पॅरापर्ट्युसिस या त्याच्या भाऊबंद जिवाणूकडे त्याचे जनुक आहे, पण ते चालत नाही. एफएचए आणि पर्टॅक्टिन मात्र इतर बोर्डेटेलांतही असतात, आणि एफएचएशी जुळणारे प्रतिपिंड असंबंधित जिवाणूंमुळेही वाढलेले दिसते. त्यामुळे पीटी आणि एफएचए एकाच खळग्यात मिसळून चढवलेली एलायझा प्लेट निदानासाठी वापरू नये. आकडा वाढलेला दिसेल, पण तो कशामुळे वाढला हे कधीच कळणार नाही.

ही तपासणी मुळात संसर्ग ओळखण्यासाठी बेतलेली आहे, आणि तिचे कट-ऑफही त्याच हिशेबाने ठरले आहेत. ढोबळमानाने ४० आययू/मिलीच्या खाली अलीकडच्या संसर्गाचा पुरावा नाही, १०० किंवा त्याहून वर असेल तर अलीकडे संसर्ग झाला असावा, आणि मधला पट्टा संशयाचा. काही प्रयोगशाळा ५०–६२ आणि १००–१२५ अशा जोड्या वापरतात. मधल्या पट्ट्यात आले तर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा आणि दोन्ही नमुने एकाच प्लेटवर, एकाच दिवशी लावावेत. वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या प्लेटांवरचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढले’ म्हणणे धोक्याचे आहे. पीटी आयजीए मधल्या पट्ट्यात थोडी मदत करते. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाचा उपयोग नाही.

प्रश्नातले १२ किंवा १८ हे आकडे निरोगी प्रौढांत नेहमीचेच. बूस्टर घेऊन दोन-तीन वर्षे झालेल्या माणसाचाही आकडा इतकाच असू शकतो आणि आयुष्यात कधी लस न घेतलेल्याचाही. पातळी उतरते म्हणून स्मृती पेशी गेल्या असे होत नाही. जिवाणू शिरल्यापासून खोकला सुरू होईपर्यंत साधारण ७ ते १० दिवस जातात, आणि स्मृती चांगली असेल तर तेवढ्या अवधीत प्रतिपिंडे पुन्हा वर येऊ शकतात. उलट ९० आकडा आलेला माणूस ‘सुरक्षित’ म्हणून बाळाजवळ बसावा, तर कदाचित तो महिन्याभरापूर्वीच्या संसर्गातून उठलेला असतो.

गफलती कुठे होतात, तेही सांगतो, कारण रिपोर्टवर हे लिहिलेले नसते.

रक्त फार लवकर घेतले जाते. खोकला सुरू होऊन दोन आठवडे व्हायच्या आत आयजीजी चढलेले नसते, आणि निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून रुग्ण मोकळा फिरतो. दोन ते आठ आठवडे हा योग्य काळ, फार तर बारा.

गेल्या वर्षभरात असेल्युलर लस घेतली असेल तर आकडा लसीचा की संसर्गाचा हे सांगता येत नाही. फॉर्मवर लसीची तारीख मागितलीच पाहिजे.

तान्ह्या बाळाचे सीरम पाठवू नये. त्यात आईची प्रतिपिंडे असतात आणि बाळाची स्वतःची उशिरा तयार होतात. तिथे पीसीआर आणि कल्चर (जिवाणू वाढवून पाहणे) हेच मार्ग.

किटचे कॅलिब्रेशन जागतिक आरोग्य संघटनेच्या ०६/१४० या प्रमाण सीरमला बांधलेले आहे का, ते पाहावे. नुसते ‘युनिट’ लिहिलेल्या किटचा आकडा ४० किंवा १००च्या रेघेशी लावता येत नाही. वरच्या टोकाच्या स्टँडर्डपलीकडे ओडी (प्लेटवरच्या रंगाचे माप) गेली तर वक्र ओढून-ताणून आकडा काढू नये, नमुना आणखी पातळ करून परत लावावा. जोडीच्या नमुन्यात तर हे फार महत्त्वाचे, कारण दोन्ही नमुने प्लेटच्या छताला टेकले असतील तर वाढ दिसणारच नाही.

नवजात_कक्ष

काचपट्टी, तुमच्या मूळ काळजीकडे येते, म्हणजे येणाऱ्या बाळाकडे. प्रौढांच्या पातळ्या मोजण्यात जो वेळ आणि पैसा जातो, तो आईच्या लसीकडे वळवावा.

आईचे आयजीजी वारेतून बाळाकडे जाते. हे आपोआप झिरपणे नाही. वारेतले एफसीआरएन नावाचे ग्राहक ते उचलून पलीकडे पोचवतात, आणि हा ओघ शेवटच्या तिमाहीत सर्वांत जोरात असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या नाळेतल्या रक्तात आईपेक्षाही जास्त पातळी आढळू शकते. लस घेतल्यावर आईची पातळी शिखराला पोचायला सुमारे दोन आठवडे लागतात, मग ती उतरू लागते. आधीच्या बाळंतपणात घेतलेली लस या बाळाला पुरत नाही ती म्हणूनच. प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यावी लागते.

वेळ कोणती? अमेरिकेत २७ ते ३६ आठवडे, त्यातही सुरुवातीकडे कल. इंग्लंडने ऑक्टोबर २०१२मध्ये साथ चालू असताना कार्यक्रम सुरू केला आणि २०१६मध्ये ही खिडकी अलीकडे ओढून १६व्या आठवड्यापासून लस द्यायला परवानगी दिली. अपुऱ्या दिवसांचे बाळ ३२व्या आठवड्यात जन्मले तर ३४व्याची वाट पाहणाऱ्या आईची लस राहूनच जाते. जागतिक आरोग्य संघटना दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत, प्रसूतीच्या किमान १५ दिवस आधी, असे सांगते. इंग्लंडच्या अनुभवात तीन महिन्यांच्या आतल्या बाळांत या लसीचा प्रभाव ९० टक्क्यांच्या आसपास दिसला. डांग्या खोकल्याबाबत इतके चांगले आकडे फार थोड्या उपायांचे आहेत.

आता घट कशी होते ते पाहा. आईकडून आलेल्या आयजीजीचे अर्धायुष्य सुमारे सहा आठवडे असते. समजा जन्माच्या वेळी बाळाची पीटी प्रतिपिंडांची पातळी ४० आहे. सहा आठवड्यांनी २०, बारा आठवड्यांनी १०. आईने लस घेतलेलीच नसेल आणि सुरुवात ४ने झाली, तर सहा आठवड्यांनी जवळजवळ काहीच उरत नाही. बाळाचा पहिला डोस सहाव्या आठवड्यापासून देता येतो, पण एका डोसने काम होत नाही, पुढचे दोन डोस व्हावे लागतात. म्हणजे आईचे आयजीजी उतरत असते आणि बाळाचे स्वतःचे चढायचे असते, त्या मधल्या काळात बाळ सर्वांत उघडे असते. सर्दी झाली म्हणून पहिला डोस तीन आठवडे पुढे ढकलला, की हा उघडा काळ तेवढाच लांबतो. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नये, हे पालकांना आवर्जून सांगावे लागते.

आईच्या प्रतिपिंडांमुळे बाळाचा लसीला मिळणारा प्रतिसाद थोडा दबतो, हे खरे आहे. पण जिवाला धोका असतो तो पहिल्या तीन महिन्यांत, आणि तिथे आईची लस जे देते ते दुसऱ्या कशानेच मिळत नाही. म्हणून हा सौदा मला निर्विवाद फायद्याचा वाटतो.

घरातल्या इतरांनी पातळी न मोजता, वयाप्रमाणे ठरलेली लस राहिली असेल तर बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी.

साथनोंद

शेवटच्या वाक्यावर थोडा मतभेद नोंदवतो. घरातल्यांनी लस घ्यावी, जरूर घ्यावी. पण ‘घरातल्या सगळ्यांनी घेतली, म्हणजे बाळाभोवती कडे झाले’ असे मात्र सांगू नका.

असेल्युलर लस माणसाला आजारापासून वाचवते, पण नाका-घशात जिवाणू वाढण्यापासून तितकेसे रोखत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बबून माकडांवर केलेले काम २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. असेल्युलर लस दिलेली माकडे आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जिवाणू जवळपास लस न दिलेल्यांइतकेच दिवस राहिला आणि सोबत ठेवलेल्या, लस न दिलेल्या माकडांना लागलाही. अख्ख्या जिवाणूंची जुनी (होल-सेल) लस दिलेल्या माकडांत तो लवकर साफ झाला. आधी आजार होऊन गेलेल्यांत तर तो रुजलाच नाही. फरक टी-पेशींच्या वळणात होता: नैसर्गिक संसर्ग आणि होल-सेल लस टीएच१ आणि टीएच१७ या प्रकारच्या टी-पेशी जागवतात, असेल्युलर लस टीएच२कडे झुकते. तिन्ही गटांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर होती. नुसत्या आयजीजीवरून संरक्षण का ठरवू नये, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

दुसरे, टिकाऊपणा. किशोर आणि प्रौढांच्या असेल्युलर बूस्टरने पहिल्या वर्षी दहातल्या सातजणांना संरक्षण मिळते, चार वर्षांनी दहातल्या तीन-चारांना. आजार होऊन गेलेल्याचे संरक्षणही जन्मभराचे नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ते ४ ते २० वर्षे असे येते. काचपट्टींच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे: आजार होऊन गेला म्हणून लसीतून सुटका नाही.

तिसरे, जिवाणूही बदलतो आहे. असेल्युलर लस वापरणाऱ्या अनेक देशांत पर्टॅक्टिन न बनवणाऱ्या जाती पसरल्या आहेत. अशा जातीपुढे लसीने तयार केलेले पर्टॅक्टिनचे प्रतिपिंड कितीही असले तरी त्याला धरायला काही सापडत नाही. पीटीची प्रतिपिंडे तिथेही काम करतात, म्हणून लस निकामी होत नाही.

आणि यावरून कुणी ‘मग असेल्युलर लसच नको’ असा अर्थ काढू नये. जपानमध्ये १९७०च्या दशकाच्या मध्याला लसीकरणानंतरच्या दोन मृत्यूंमुळे होल-सेल लसीवरचा विश्वास उडाला, लसीकरण कोसळले आणि १९७९मध्ये सुमारे १३,००० रुग्ण आणि ४१ मृत्यू नोंदले गेले. १९८१मध्ये तिथे असेल्युलर लस आली ती या अनुभवातून. अपुरी लस आणि लसच नाही, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नवजात_कक्ष

साथनोंद, मान्य. ‘कडे’ म्हणून नव्हे, तर आजी खोकत नसेल तर ती बाळाच्या तोंडावर जिवाणू उडवण्याचा संभव कमी, एवढ्याच अर्थाने मी म्हटले होते. प्राधान्यक्रम आईची गरोदरपणातली लस, मग बाळाचे डोस वेळेवर, मग बाकीचे घर.

काचपट्टी

सर्वांचे आभार. म्हणजे बाळाच्या घरच्यांसाठी ही तपासणी मागायचीच नाही, हे पक्के. एक शेवटची शंका. लस घेतलेल्या मावशीला दहा दिवस खोकला आहे आणि ती महिन्याच्या बाळासोबत राहते. तिच्याबाबतीत आज काय करायचे? आयजीजी पाठवून उपयोग नाही, बरोबर?

सीरमपेटी

बरोबर, दहाव्या दिवशी आयजीजी नाही. नाकातून घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाणारा स्वॅब पीसीआरसाठी पाठवा, जमल्यास कल्चरसाठीही. स्वॅब नाकपुडीतून टाळूला समांतर, मागे टेकेपर्यंत न्यायचा आणि काही सेकंद तिथेच ठेवायचा. नाकाच्या पुढच्या भागातला किंवा साधा घशाचा स्वॅब पुरत नाही. काडी पॉलिएस्टर, रेयॉन किंवा नायलॉनची हवी. कापसातली मेदाम्ले या जिवाणूला मारतात, म्हणून कल्चरला कापूस बाद, आणि कॅल्शियम अल्जिनेट पीसीआर बिघडवते. कल्चर पहिल्या दोन आठवड्यांत चांगले, पीसीआर तीन-चार आठवड्यांपर्यंत.

लस टोचण्याच्या टेबलावर स्वॅब घेऊ नका. काही असेल्युलर लसींत जिवाणूचा डीएनए शिल्लक असतो. कुपी हाताळलेल्या हातमोज्यावरून तो स्वॅबवर जातो आणि पीसीआर खोटा पॉझिटिव्ह येतो. पीसीआरचे नेहमीचे लक्ष्य आयएस४८१ हा डीएनएचा तुकडा आहे, त्याच्या एकेका जिवाणूत दोनशेहून जास्त प्रती असतात, म्हणून एवढासा डागही पकडला जातो. हाच तुकडा बोर्डेटेला होल्मेसी या दुसऱ्या जिवाणूमध्येही असतो. सीटी (डीएनए दिसायला पीसीआरच्या किती फेऱ्या लागल्या तो आकडा) ३५च्या पुढे आली तर दुसऱ्या लक्ष्यावर पडताळा केल्याशिवाय पॉझिटिव्ह लिहू नये.

नवजात_कक्ष

आणि रिपोर्टची वाट पाहत बसू नका. संशय रास्त असेल तर मावशीचा अॅझिथ्रोमायसिनचा पाच दिवसांचा कोर्स आजच सुरू करावा आणि पाच दिवस पूर्ण होईपर्यंत तिने बाळापासून वेगळे राहावे. औषधाने तिच्या उबळी लगेच थांबणार नाहीत, पण जिवाणू सोडणे थांबेल.

बाळाला आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आईने लस घेतली असली तरी इतक्या लहान बाळाला संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध द्यायचे असते. संपर्कापासून २१ दिवसांच्या आत ते सुरू व्हावे, जितके लवकर तितके चांगले. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अॅझिथ्रोमायसिन १० मिग्रॅ प्रतिकिलो, दिवसातून एकदा, पाच दिवस. त्या दिवशीच्या वजनावरून डॉक्टरच मात्रा ठरवतात. एरिथ्रोमायसिन या वयात टाळतात, कारण त्याने जठराचे दार आकुंचन पावण्याचा धोका वाढतो. अॅझिथ्रोमायसिनवरही बाळ दूध पिऊन जोरात, लांब उडेल अशी उलटी वारंवार करू लागले तर लगेच दाखवावे.

एवढ्या लहान बाळात ‘हूप’ असा आवाज येईलच असे नाही, खोकलाही किरकोळ असू शकतो. श्वास मध्येच थांबणे, ओठ निळे पडणे, दूध ओढता ओढता थकून सोडून देणे, यांतले एक जरी दिसले तरी थेट रुग्णालय गाठा.